इंजिनाची बारीक धार आटली? पाना घेण्याआधी डिलिव्हरीकडे बघा

धर्माबाद : बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे २९ ऑक्टोबरला खाली आले की गोदावरीचं पाणी काठावर चढू लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात. पाणी चढतं तसा काठावरचा पालापाचोळा, धसकटं, प्लास्टिक, शेवाळ सगळं तरंगायला लागतं. पुढे १ मार्चला तेलंगणासाठी ०.६ टीएमसी पाणी सोडलं की पातळी उतरते आणि कालपर्यंत पाण्यात लोंबणारा फुटवॉल गाळात बसतो. या दोन्ही वेळेस डिझेल इंजिनवाल्यांनी जास्त सावध राहायला पाहिजे. हरभरा किंवा हळद पाण्यावर आलेली असताना इंजिन जाम झालं तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि चुकलेलं पाणी वेगळं.

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची रचना साधी आहे. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी निघते, ती ब्लॉकच्या खालच्या बाजूला जाते. पाणी लायनरभोवती फिरून हेडमधून वर येतं आणि गरम होऊन बाहेर पडतं. म्हणजे शेताला पाणी देणारा पंपच इंजिनालाही पाणी पाजतो. पंप उपाशी तर इंजिनही उपाशी.

बाहेर पडणारी ही बारीक धार येता-जाता बघायची. हात धरवतो इतपत कोमट असेल तर ठीक. चटका बसला किंवा धार तुटक झाली, तर लगेच मोठी डिलिव्हरी बघायची. दोन्ही धारा कमी झाल्या असतील तर दोष नदीत आहे : फुटवॉलची जाळी तुंबली, फुटवॉल गाळात बसला, नाहीतर सक्शनने हवा धरली. पंपाने पाणी पूर्ण सोडलं तर इंजिनाचा आवाजही एकदम हलका होतो. डिलिव्हरी भरून चालू आहे आणि फक्त बारीक धार आटली, तर नदीत उतरायची गरजच नाही. कचरा नळीत, तिच्या कॉकमध्ये किंवा ब्लॉकच्या आत आहे. इंजिन बंद करून थंड झाल्यावर नळी इंजिनाकडून सोडवायची, उलट्या बाजूने फुंकायची, तार घालून साफ करायची. धार भरपूर आहे पण चटका देणारी आहे, असं असेल तर आत क्षाराचा थर बसला असेल किंवा इंजिनावर लोड जास्त असेल. ते काम मिस्त्रीचं.

तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतणारे अजून आहेत. लाल तवा पाण्यात बुडवला की तडकतो, तसंच हेडचं होतं. इंजिन बंद करून तासभर तसंच सोडावं. नंतर डिकंप्रेशनची कळ उचलून हँडल हाताने फिरवून बघावं. मोकळं फिरलं तर ऑईल तपासावं. ऑईल दुधाळ दिसलं म्हणजे आत पाणी गेलं. असं इंजिन चालू करायचं नाही.

तुंबणं कमी करायचं असेल तर फुटवॉल तळाला टेकू देऊ नये. रिकाम्या ड्रमला किंवा हवा भरलेल्या ट्यूबला दोरीने बांधून तो गाळापासून दीड-दोन फूट वर आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली तेवढाच खोल लटकवावा. पातळी बदलली की दोरीही बदलायची. भोवती मोठी बांबूची टोपली किंवा जुनं मासेमारीचं जाळं सैल बांधलं तर कचरा लांबच अडतो. काही जण मच्छरदाणीचं कापड घट्ट गुंडाळतात. ते जाळीपेक्षा आधी तुंबतं. टोपली जेवढी मोठी तेवढी पाण्याची ओढ विभागली जाते आणि पालापाचोळा चिकटत नाही. समुद्रातल्या होड्यांनाही हाच त्रास होतो : तळाच्या भोकावर प्लास्टिकची पिशवी चिकटली की इंजिनाचं गार पाणी बंद.

जाळी साफ करायला उतरण्याआधी इंजिन बंद असलंच पाहिजे. शेजारी वीजमोटार असेल तर तीही बंद करून मगच पाण्यात पाय घालावा. बंधाऱ्याच्या मागच्या गाळात पाय रुततो, म्हणून एकट्याने उतरू नये. काठावर दोरी धरणारा एक माणूस पाहिजे. जमत असेल तर न उतरता पाईपच वर ओढून जाळी काठावर साफ करावी, आणि परत सोडताना पंपात पाणी भरून हवा काढायला विसरू नये.