पाठीमागचा पत्रा आणि बिघडलेला तोल

दुसऱ्या महायुद्धात चंद्रपूरजवळचे राजुरा हैदराबाद संस्थानात होते. निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले होते. स्पिटफायर उडवणारी ही तुकडी ट्युनिशिया आणि सिसिलीच्या आकाशात शत्रूशी लढली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. त्या शत्रूत इटलीही होती. गंमत अशी, की १९४० च्या सुरुवातीला ब्रिटन याच इटलीकडून ३०० लढाऊ विमाने घ्यायला निघाले होते.

हे विमान म्हणजे ‘रेज्जाने २०००’. १९३९ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. चपळाईत ते कुणाला हार जाणारे नव्हते, तरी इटलीच्या हवाई दलाने ते नाकारून ‘मक्की सी-२००’ पसंत केले. नकाराचे एक मोठे कारण पंखात होते. वेगळी टाकी न बसवता पंखाची पोकळीच इंधनाची टाकी केली होती. त्यामुळे सांध्यांतून इंधन झिरपायचे, आणि गोळी लागली तर पंखच पेटण्याचा धोका. ब्रिटनचा सौदा जर्मनीच्या विरोधामुळे फिसकटला आणि १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरल्यावर विषयच संपला.

घरच्यांनी नाकारलेले विमान परक्यांनी घेतले. तटस्थ स्वीडनला अमेरिकेकडून मागवलेली विमाने मिळेनाशी झाली होती, म्हणून त्याने ६० ‘रेज्जाने’ घेतली आणि त्यांना ‘जे-२०’ म्हटले. दक्षिण किनाऱ्यावर घुसणाऱ्या परकीय विमानांना ती आडवी जात. १९४५ मध्ये ती निवृत्त झाली. त्यातले एक आजही लिंकोपिंगच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

हंगेरीने ७० घेतली आणि नाव दिले ‘हेया’. रशियाच्या आघाडीवर मागून येणाऱ्या गोळ्यांपासून वैमानिकाला वाचवण्यासाठी त्याच्या आसनामागे पोलादी पत्रा बसवला गेला. माणूस वाचावा म्हणून केलेला हा बदल विमानाच्या मुळावर आला.

उडत्या विमानाचे सारे वजन एका बिंदूपाशी एकवटले आहे असे धरले, तर तो गुरुत्वमध्य. तो ठरलेल्या मर्यादेच्या पुढे असला, की वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तरी शेपटी ते पुन्हा खाली आणते. तो मागे सरकला, की ही ओढ कमी होत जाते आणि फार मागे गेला तर नाक आपोआप खाली येतच नाही. बैलगाडीत पोती मागे लादली तर गाडी जशी उलाळ होते, तसेच हे. नाक फार वर गेले, की पंखावरून वाहणारी हवा पंख सोडते, उचल एकदम घटते आणि विमान गिरक्या घेत कोसळू शकते. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ आणि ‘स्पिन’ म्हणतात.

पत्रा आसनामागे, म्हणजे गुरुत्वमध्याच्या मागे बसला होता. त्यानंतर अपघात वाढले. २० ऑगस्ट १९४२ रोजी हंगेरीचा उपराज्यपालक इश्तवान होर्ती स्वतः ‘हेया’ उडवताना ठार झाला. राज्यपालक मिक्लोश होर्तींचा हा थोरला मुलगा.

पुढे हंगेरीने हेच विमान आपल्या कारखान्यात बनवले. बसवायला घेतलेल्या स्थानिक इंजिनासाठी नाकच लांबवले. पुढचे वजन आणखी पुढे सरकवले, की त्याचा जोर वाढतो आणि मागे गेलेला तोल सावरतो.

परदेशी विमान घेताना किंमत, वेग आणि बंदुका मोजल्या जातात. पण ते ज्या तोलावर उभे आहे तो फक्त बनवणाऱ्यालाच पुरता ठाऊक असतो. विकत घेणाऱ्याने त्यात काही घातले किंवा काढले, की तो हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. म्हणूनच प्रवासी विमान असो, नाहीतर चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवरचे लहान विमान, उड्डाणापूर्वी फक्त एकूण वजन मोजून भागत नाही. ते वजन कुठे ठेवले, हेही तपासावे लागते.