वीस लाख गाठी आणि शंभराचं खत

भिगवणला आलेला पाहुणा उजनीच्या पाण्यावरचे रोहित बघतो, मासळीचं जेवण जेवतो आणि निघतो. जवळच्या डिकसळच्या जुन्या पुलाकडे फारसं कुणी बघत नाही. हा पूल मुळात रेल्वेचा. पुण्याहून निघालेले रूळ डिसेंबर 1858 मध्ये डिकसळला येऊन थांबले आणि पुढच्या वर्षी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचले. उजनी धरण झाल्यावर रूळ दुसरीकडून गेले. पण पुलावरच्या त्या मूळ रुळांना दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा तेरा हजारांहून अधिक किलोमीटरवर एक युद्ध पेटलं आणि त्याची धग इथवर आली.

12 एप्रिल 1861. अमेरिकेत फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. इंग्रजांची एक जुनी वसाहत, स्वतंत्र होऊन ऐंशी वर्षं झालेली, आपसात लढायला उठली. लढाई होती गुलामगिरीवरून. चाळीस लाखांच्या आसपास माणसं तिथं गुलाम होती आणि जगातल्या गिरण्यांचा कापूस त्यांच्याच हातून येत होता. चार वर्षांत निदान सहा लाख सैनिक मेले.

इंग्लंडमध्ये अमेरिकेतून 1861 साली कापसाच्या वीस लाखांवर गाठी आल्या होत्या. 1862 मध्ये आल्या अवघ्या 55 हजार. एक गाठ दोनशे किलोची धरली तर वीस लाख गाठी म्हणजे चार लाख टन. बैलगाडीत अर्धा टन भरला तर आठ लाख गाड्या. भिगवण स्टेशनापासून एकामागे एक उभ्या केल्या, गाडीला सहा मीटर जागा दिली, तर रांग होते 4,800 किलोमीटरची. एवढी रांग वर्षभरात जवळजवळ नाहीशी झाली. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि पाच लाखांच्या घरात माणसं मदतीवर जगू लागली.

मग इंग्रजांना दुसरी वसाहत आठवली. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची. तरीही मुंबईच्या धक्क्यावरून मिळेल तो कापूस निघाला. बार्शीच्या पेठेतला मालही याच रेल्वेने जाई. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर चढला. त्या धुंदीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने दिलेल्या दोन लाखांतून राजाबाई टॉवर उभा राहिला. 9 एप्रिल 1865 ला अमेरिकेत दक्षिणेचा जनरल ली शरण गेला, युद्ध संपत आलं आणि काही महिन्यांत सगळा डोलारा कोसळला.

पाठ्यपुस्तकात इथून पुढची गोष्ट सरळ आहे: कापूस पडला, शेतकरी बुडाला, दंगा झाला. मला ती जरा जास्तच सरळ वाटते. इकडची, म्हणजे इंदापूर-भीमथडीची जमीन मुळात ज्वारी-बाजरीची. कापसाचा खरा मुलूख खानदेश, वऱ्हाड. शिवाय ली शरण गेला 1865 मध्ये आणि सुप्याला दंग्याची ठिणगी पडली 1875 मध्ये. मधली दहा वर्षं कुठं गेली?

ती शेतसाऱ्यात आणि कर्जाच्या खतात गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमीन-मोजणी 1835-36 च्या सुमारास सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच. सारा तीस वर्षांसाठी ठरला. मुदत संपली तेव्हा तेजीचे भाव साहेबांच्या डोळ्यांपुढे होते. नवा सारा ठिकठिकाणी 50 ते 100 टक्क्यांनी चढला. भाव उतरले, सारा तसाच राहिला. भरायला पैसे सावकाराचे.

तेजीत सावकार मागेल त्याला देत होता. कापसाच्या पट्ट्यात तर एकराला शंभर रुपये उचल मिळे. आता त्याच शंभराचं खत घ्या. 1859 च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षं केली. कायदा कुळाच्या भल्याचा, पण सावकाराने त्यालाच कामाला लावलं. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवायचं, नवं खत, पुन्हा अंगठा. व्याज शेकडा 25 धरा. शंभराचे 175, मग 306, मग 536, बारा वर्षांनी 938. हातात नवा पैसा एकही नाही. दंग्यानंतरच्या चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेलं निघालं. वीस लाख गाठींनी माणूस थक्क होतो. मला हा आकडा अधिक भयंकर वाटतो, कारण तो एका माणसाच्या डोक्यावर होता.

सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. 12 मे 1875 ला आसपासच्या गावांचे शेतकरी तिथल्या पेठेत जमले आणि सावकारांकडे वह्या, खतं मागू लागले. मिळाली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. माणसांवर मात्र हात क्वचितच पडला. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत साडेसहा हजार चौरस किलोमीटरवर पसरलं, म्हणजे आजच्या पुणे जिल्ह्याच्या दोन पंचमांशाएवढं.

आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. पुढच्या वर्षी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा झाला. खतावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून प्रत्यक्षात किती रुपये हातावर ठेवले, हे विचारायची मुभा न्यायाधीशाला त्याने दिली.