डोळ्यांना पटणारं अघटित

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात हिरोनिमस बॉश या चित्रकाराचं ओकच्या फळ्यांवर रंगवलेलं एक मोठं तैलचित्र आहे. मधली फळी आणि तिच्या दोन बाजूंना कपाटासारख्या मिटणाऱ्या दोन झडपा. सगळं उघडलं की रुंदी जवळजवळ चार मीटर भरते. ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ हे त्याचं नाव पुढच्या काळात पडलेलं. डाव्या झडपेवर आदम आणि ईव्हची बाग आहे. तिथे पांढराशुभ्र जिराफ उभा आहे आणि कपाळावर एकच लांब शिंग असलेला युनिकॉर्न तळ्यातलं पाणी पितो आहे.

आपण लगेच निवाडा करतो : जिराफ खरा, युनिकॉर्न काल्पनिक. १५०० सालाच्या आसपास नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या माणसाला तो इतक्या सहज करता आला नसता. बॉशने जिराफ प्रत्यक्ष पाहिला असण्याची शक्यता फार कमी. चिरिआको द’अंकोना या इटालियन प्रवाशाच्या इजिप्तच्या वृत्तांतातल्या चित्राशी त्याचा जिराफ बराच जुळतो. दोन्ही प्राणी त्याला ऐकीव, दोन्ही सारखेच दूरचे. म्हणून त्याने दोघांनाही सारख्याच निष्ठेने रंगवलं आहे.

बॉशच्या कल्पनाशक्तीचं मर्म मला इथे दिसतं. त्याची बरीचशी सामग्री पाहिलेल्या जगातलीच आहे. बदलली आहेत ती मापं आणि शेजार. मधल्या फळीवर हुदहुद, धीवर, रॉबिन, गोल्डफिंच असे पक्षी आहेत. त्यातले हुदहुद आणि धीवर तर आपल्याही शिवारात दिसतात. पिसांचे रंग असे की आजही त्यांची ओळख पटते. फक्त हे पक्षी माणसांहून मोठे आहेत आणि माणसं त्यांच्या आसऱ्याने बसली आहेत. उजव्या झडपेवरच्या नरकात वीणेसारखं तंतुवाद्य छळाचं यंत्र झालं आहे. दोन अवाढव्य कानांच्या मधून सुरीचं पातं बाहेर आलं आहे आणि त्या पात्यावर कारागिराच्या खुणेसारखं एक अक्षरही आहे. कुठल्या तरी लोहाराने घडवलेली, विकत घेता येईल अशी ती सुरी आहे. म्हणूनच ती पाहताना अंगावर काटा येतो.

असं का होतं, याचा एक धागा आपल्या नजरेच्या घडणीत आहे. डोळ्याला एका वेळी अगदी थोडंच लख्ख दिसतं : हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढं. बाकीचं धूसर असतं. नजर सेकंदाला दोन-तीन उड्या मारत फिरते आणि मेंदू त्या तुकड्यांतून अखंड दृश्य उभं करतो. चार मीटर रुंद चित्राजवळ उभं राहिलं की नजर जिथे टेकते तिथे सगळं खरं निघतं. चोच चोचीसारखी, काच काचेसारखी. एकेका तपशिलाला आपण मान्यता देत जातो, आणि हे सगळं मिळून अशक्य आहे हे कळेपर्यंत त्या जगात बरेच आत शिरलेलो असतो. निष्काळजीपणे काढलेल्या राक्षसाला नजर दारातूनच परत पाठवते.

पाहणं आणि कल्पिणं यांच्यातली भिंत पातळ आहे, हे १९१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात चेव्ह्ज पर्की यांनी दाखवलं. त्यांनी लोकांना समोरच्या काचेकडे बघत केळं, टोमॅटो अशा वस्तू मनात आणायला सांगितलं आणि त्यांना न सांगता काचेवर मागून त्याच वस्तूची अगदी फिकट प्रतिमा पाडली. लोकांना ती स्वतःचीच कल्पना वाटली. आडवं केळं मनात आणलं असताना ते उभं कसं दिसतं, याचं नवल वाटूनही समोर खरोखर काही आहे अशी शंका आली नाही.

नरकाच्या मध्यभागी बॉशचा वृक्षमानव आहे : फुटक्या अंड्याच्या कवचाचं धड, त्यात मेजाभोवती बसलेली माणसं, खोडांचे पाय होड्यांत रोवलेले, चेहरा मागे वळलेला. हाच वृक्षमानव व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात लेखणीने रेखाटलेलाही आहे. तिथे आग नाही, यातना नाहीत. मोकळं पाणी, जहाजं, दूरवर गाव, अगदी नेहमीचा दिवस. मला हे लहानसं रेखाटन अधिक धाडसी वाटतं. नरकात असं काही असणार, अशी पाहणाऱ्याची तयारी असते. इथे मात्र बॉशने वृक्षमानवाला दिवसाउजेडी, साध्या मुलखात उभं केलं आहे आणि तरीही तो तिथलाच वाटतो.