वडखळहून खांदेरीला : पहिला दिवस होडीतला

मंडळी, दूरची बेटे आणि तिथले प्राणी पाहायला लोक हजारो मैल जातात. दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांभोवती तर खास त्यासाठी जहाजे फिरतात. तो खर्च तुमच्याआमच्या आवाक्यातला नव्हे. पण भाताची झोडणी उरकली, वालाची पेरणी झाली की दोन दिवस सवड काढा आणि मुलाबाळांसह वडखळच्या नाक्यावर उतरा. दुसरा दिवस अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासाठी ठेवा. पहिल्या दिवसाचे मी सांगतो.

निघण्याआधी दिनदर्शिकेत तिथी पाहा. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंचमीला भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेनऊ-दहाला. आपल्याला हीच तिथी सोयीची.

महामार्ग सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलात की धरमतरचा पूल येतो. खाली अंबा नदीची खाडी. पाणी उतरत असते, चिखल उघडा पडलेला असतो. त्या चिखलावर टुणटुण उड्या मारताना दिसतात त्या निवट्या. मासा असून पाण्याबाहेर वावरतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. चिंबोऱ्या बिळांच्या तोंडाशी बसलेल्या, आणि त्यांच्यावर टपलेले बगळे.

काठाची हिरवी झाडी म्हणजे तिवर. इथे जरा थांबा, कारण ही झाडी आपल्या ताटाशी बांधलेली आहे. पेण-अलिबागकडे ज्याच्या तळ्यात जिताडा, त्याच्या घरी पाहुण्याची चैन! हा जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात वितो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर तिवरांच्या मुळांत आसऱ्याला येतात. आणखी गंमत म्हणजे तो आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठे जिताडे सगळेच मारून खाल्ले तर अंडी घालणार कोण?

तिवर लाटेचा जोर मोडते, त्यामुळे मागचा बाहेरकाठा टिकतो. बाहेरकाठ्याला खांड पडली की खारे पाणी भातखाचरांत शिरते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या 'पनवेल-१', 'पनवेल-२' अशा जाती थोडा खार सोसतात. पण रोजच्या भरतीपुढे कोणतेही भात टिकत नाही. खांड वर्षानुवर्षे तशीच राहिली की शेतातच तिवर उगवते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास बंदी घातली. मग सातबारा आपला असूनही कोयता चालवता येत नाही. शेतकऱ्याचा हा राग मी बांधावर बसून ऐकला आहे आणि तो खोटा नाही. झाडी बांधाबाहेर राहावी, भात बांधाच्या आत. त्यासाठी खांड पहिल्याच उधाणानंतर बुजली पाहिजे, मग ती सरकारने बुजवो की गावाने.

थळच्या कोळीवाड्यातून होडी मिळते. भाडे आधी ठरवा. आधी उंदेरी लागते, पुढे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी गलबते आणून अडवून पाहिले, पण काम थांबले नाही. लगेच सिद्दीने उंदेरी बळकावली. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली.

वाटेत पाण्यावर करडी पाठ उठताना दिसली तर तो गादा. लोक मासा म्हणतात, पण तो पिलाला दूध पाजणारा प्राणी. श्वासासाठी वर येतो. नाखव्याला इंजिन मंद करायला सांगा, पाठलाग नको. होडीभोवती घिरट्या घालणारे कुरव थंडीचे पाहुणे. त्यांतले तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या तळ्यांकाठी वितात.

खांदेरीवर १८६७ सालचे दीपगृह, वेताळाचे देऊळ आणि दगडाने ठोकले असता धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. मुले तिथून हलणार नाहीत! मोठ्यांनी मात्र ओहोटीच्या खडकांवर जावे. कालवे चिकटलेली, डबक्यांत बारीक मासे, आणि एखादा राखी समुद्रबगळा ध्यानस्थ. गालापागोसला ठरलेली वाट सोडू देत नाहीत, प्राण्याला हात लावू देत नाहीत. इथे सांगायला कोणी नसले तरी शिंपले उचकटू नका. भाकरी-पाणी घरून न्या, कागद-पिशव्या परत आणा.

तीनच्या सुमारास होडीत बसा, म्हणजे भरतीचे पाणी थळला पोचवील. उशीर केलात तर ओहोटीत होडी लांब टेकते आणि लुगडी-धोतरे वर धरून चिखल तुडवावा लागतो. पावसाळ्यात ही सहल करू नका. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.