ऑर्किडची कुंडी बदलताना: एका रोपाला एक ब्लेड



मागच्या भागात आपण ऑर्किडला पाणी किती आणि कधी द्यायचं ते पाहिलं. त्यानंतर दिल्ली, कोलकाता, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणच्या आपल्या मराठी मंडळींनी जे विचारलं, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "साहेब, कुंडी बदलली आणि रोप गेलं. माझं काय चुकलं?"

माझ्या अनुभवात चुका तीनच असतात. वेळ चुकते, कुंडी किंवा मिश्रण चुकतं, नाहीतर कात्री अस्वच्छ असते. पहिल्या दोन चुका महिन्याभरात दिसतात. तिसरी वर्षभर दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती एका कुंडीपुरती राहिलेली नसते. म्हणून आज अवजारांवर जास्त बोलणार आहे.

कुंडी बदलायचीच कशाला?

आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किड्स मुळात झाडांवर वाढणारी. सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी तुम्ही पाहिली असेल. तीच आसाम आणि अरुणाचलचं राज्यपुष्प आहे. आसामात तिला कोपौ फूल म्हणतात. पोस्टिंगवर असताना मी ती तिकडे पाहिली. मुळं उघडी, वाऱ्यावर. पाऊस आला की भिजायची, थांबला की वाळायची.

या मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषतं, पण त्याला हवाही तेवढीच लागते. कुंडीतल्या पाइनच्या सालीचा किंवा नारळाच्या सोडणाचा दोन वर्षांत भुगा व्हायला लागतो. भुगा पाणी धरून ठेवतो, हवा कोंडते आणि मुळं सडतात. म्हणजे कुंडी बदलायची ती रोपाला मोठं घर हवं म्हणून कमी आणि आतलं मिश्रण कुजलं म्हणून जास्त.

वेळ कोणती?

कॅलेंडर नंतर, आधी रोपाकडे बघा. फुलं संपलेली असावीत आणि नव्या मुळांची हिरवी किंवा लालसर टोकं नुकती दिसू लागलेली असावीत. डेंड्रोबियम, कॅटलियामध्ये नव्या फुटव्याच्या बुडाशी मुळांचे बारीक कोंब दिसतात. ते अर्धा सेंटिमीटरचे असतानाच काम उरकावं. लांब वाढले की हाताळताना मोडतात, आणि कोवळं टोक मोडलं की ते मूळ तिथेच अडतं.

बंगळूरला माझ्याकडे हे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घडतं. कोलकाता, गुवाहाटीकडे फेब्रुवारी-मार्च बरा. दिल्ली, जयपूरकडच्यांनी डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि मे-जूनची लू टाळावी. मात्र मुळं सडल्याचा वास येत असेल तर मुहूर्त बघू नका, त्याच दिवशी कुंडी रिकामी करा.

माझी चूक

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही.

आमचे जुने सीओ साहेब ऑर्किडचे शौकीन. त्यांचं एक जांभळं कॅटलिया होतं, ते प्रत्येक बदलीत त्यांच्याबरोबर ट्रकमधून फिरलं. साहेब गेल्यावर मॅडमनी ते माझ्याकडे दिलं. "तुमच्याकडे नीट राहील," म्हणाल्या. मी त्याचे तीन भाग केले. एक मॅडमना परत दिला, एक कोर्समेटला, एक स्वतःकडे ठेवला. त्याच दुपारी, त्याच कात्रीने, घरातल्या अकरा कुंड्या बदलल्या. मधे कात्री पँटला पुसली एवढंच.

पुढच्या वर्षी कॅटलिया फुललं. आठवड्याभरात पाकळ्यांवर तपकिरी रेघा उमटल्या. दुसऱ्या दोन रोपांच्या पानांवर काळपट, खोलगट चट्टे आले. एका प्रयोगशाळेत पानं तपासून घेतली तेव्हा कळलं, सिंबिडियम मोझॅक व्हायरस. झाडाच्या रसातून पसरतो आणि त्यावर औषध नाही. मुळात तो कुठल्या रोपात होता हे आता कळायला मार्ग नाही. पण अकरा घरं फिरवून आणली ती माझ्या कात्रीने.

सगळी रोपं नष्ट केली. त्याहून अवघड होतं फोन करून दोघांना त्यांची रोपं टाकायला सांगणं. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता बाकीच्यांना तरी सांगा." ते सांगतोय.

किट

फौजेत कामाला निघण्याआधी किट मांडून तपासतात. इथेही तसंच करा, कारण रोप उपटल्यावर हात मातकट असताना घरभर वस्तू शोधायला लागलात की चुका होतात.

ब्लेड: सलूनच्या सामानाच्या दुकानात ब्लेड बदलता येणारा वस्तरा मिळतो. न्हावी कागदातच ब्लेड मोडून अर्धं लावतो, तसंच करायचं. एका रोपाला एक अर्धं ब्लेड. काम झालं की ते एका पत्र्याच्या डबीत. मुळं आणि वाळलेले देठ कापायला हे पुरतं. वस्तऱ्याचा जो भाग रोपाला लागतो तोही दर वेळी ज्योतीवर धरा.

सिकेटर: कॅटलियाचं जाड खोड ब्लेडने कापत नाही. तिथे सिकेटर लागतो. त्याच्या पात्यावरचा चीक आधी पुसून काढा आणि मग दोन्ही बाजू गॅसच्या ज्योतीत चांगल्या तापेपर्यंत धरा. ज्योतीवरून एकदा फिरवून काढणं पुरेसं नाही. गार झाल्यावर वापरा. स्पिरिट किंवा डेटॉलने पुसल्यावर बुरशी, जिवाणू कमी होतील, पण व्हायरसच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. आणि स्पिरिटची बाटली ज्योतीजवळ ठेवू नका.

वर्तमानपत्र: प्रत्येक रोपाला नवा कागद पसरा. काम झालं की कचऱ्यासकट गुंडाळून टाका.

बांबूची काडी: नूडल्सबरोबर येते ती चॉपस्टिक उत्तम. मुळांमधलं जुनं मिश्रण काढायला आणि नवं सारायला हीच. एकदा वापरली की फेकायची.

सोल्डरिंग आयर्न: मी सिग्नल्सचा माणूस, त्यामुळे हे घरात होतंच. प्लॅस्टिकच्या कुंडीला बाजारात असतात ती भोकं कमी पडतात. तळाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी आणखी दहा-बारा पाडा. धूर होतो, म्हणून हे उघड्यावर करा.

आधार: बांबूची कामटी आणि मऊ सुतळी. त्याचं कारण पुढे येईल.

कुंडी जुनी असेल तर घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुऊन वाळवा.

मिश्रण आदल्या दिवशी तयार ठेवा. पाइनची साल, लोणारी कोळसा, विटांचे तुकडे. कोरड्या हवेच्या गावात थोडे सोडणाचे तुकडे घाला, पण ते दोन-तीन पाण्यांतून काढून, कारण त्यात क्षार असतात. दमट गावात कोळसा आणि वीट जास्त. माती अजिबात नाही.

ड्रिल

ठणठणीत, लाडकं रोप आधी घ्या. संशय असलेलं सगळ्यात शेवटी.

एक. रोपाला तासभर आधी पाणी द्या. भिजलेली मुळं लवचिक होतात. पण सगळ्या कुंड्या एकाच बादलीत बुडवू नका. बादलीसुद्धा रोग वाटते.

दोन. कुंडी बाहेरून दाबत फिरवा आणि रोप सैल करा. मुळं चिकटली असतील तर ओढू नका. प्लॅस्टिकची कुंडी कापा, कुंडी स्वस्त आहे.

तीन. जुनं मिश्रण काडीने काढा. मग प्रत्येक मूळ चिमटीत धरून पाहा. टणक असेल तर ठेवा, रंग कुठलाही असो. पोकळ, पिचपिचीत असेल तर कापा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात ती जखमेपुरतीच. निरोगी मुळांवर पडली तर ती वाळतात.

चार. भाग करायचे असतील तर प्रत्येक भागात निदान तीन-चार फुगीर खोडं ठेवा. एकेका खोडाचे भाग केलेत तर फुलांसाठी वर्षानुवर्षं थांबाल.

पाच. कुंडी मुळांना पुरेल एवढीच घ्या. कॅटलिया, डेंड्रोबियमचं जुनं टोक कडेला टेकवा आणि नवा फुटवा मधल्या मोकळ्या जागेकडे ठेवा. फॅलेनॉप्सिस मधोमध. खोडाचा बुडखा मिश्रणाच्या वर राहू द्या, पुरू नका.

सहा. कामटीला बांधा. रोप हलत राहिलं तर मुळांची कोवळी टोकं घासून मरतात आणि ते तग धरत नाही. बुडखा धरून रोप अलगद उचला. कुंडी बरोबर उचलली गेली तर काम पक्कं.

सात. नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी खोचा. दोन वर्षांनी तारीख आठवत नाही.

नंतर

तीन-चार दिवस भरपूर पाणी नको. कापलेल्या जागा सुकू द्या. सावलीत ठेवा आणि सकाळी पानांवर हलका फवारा मारा. खत नव्या मुळांनी वाढ धरल्यावरच. एखाद-दुसरं जुनं पान पिवळं पडेल, घाबरू नका.

पहिल्या दिवशी अकरा कुंड्यांचा बेत करू नका. तीन करा. माणूस थकला की कात्री पँटला पुसतो.

मॅडमकडे मागच्या वर्षी मी एक नवं कॅटलिया घेऊन गेलो. साहेबांचं ते नव्हे, हे दोघांनाही माहीत आहे. पण कुंडी बदलायला त्या मलाच बोलावतात, आणि मी खिशातून नवं ब्लेड काढतो तेव्हा बघून घेतात.

पुढच्या भागात उन्हाळ्यातली सावली: जाळी किती टक्क्यांची आणि कुठल्या दिशेला. तोवर एक काम करा. आपल्या रोपांच्या नव्या मुळांची टोकं दिसतात का, ते आज बघून ठेवा.

जय हिंद.