‘जरी’ला ‘तरी’ लागतोच

‘ऑलदो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट.’ बेलापुरात इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि हे वाक्य तांबड्या शाईनं किती वेळा दुरुस्त केलं याची मोजदाद नाही. गरीब माणूस बदलायचा. कधी शेतकरी, कधी न्हावी, एकदा तर राजा. ‘बट’ मात्र जागचा हलत नसे. मी खोडायचो, पोरं माना डोलवायची आणि सहामाहीला ‘बट’ पुन्हा हजर.

बेलापूर म्हटलं की लोक विचारतात, नवी मुंबईचं का? नाही, श्रीरामपूरचं. दौंड–मनमाड मार्गावरचं बेलापूर नावाचं स्टेशन श्रीरामपूर शहरात आहे आणि गाव तिथून लांब, प्रवरेच्या काठी. नाव एकीकडे, गाव दुसरीकडे. इंग्रजीतल्या उभयान्वयी अव्ययांचंही आमच्याकडे काहीसं असंच झालं. नावं पाठ झाली, गाव सापडलं नाही.

उभयान्वयी म्हणजे दोन्हीकडे संबंध असलेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्या विषयाचा मोठा शास्त्रीय ग्रंथ केला, आणि तेव्हापासून आठ शब्दजातींच्या रांगेत हे अव्यय सातवं बसलेलं आहे. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक ही यादी आज स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये घोकून घेतली जाते. इंग्रजीच्या तासाला तिचीच सावत्र बहीण भेटते: को-ऑर्डिनेटिंग, सबऑर्डिनेटिंग. यादीला माझी हरकत नाही. पण मराठी माणूस दोन वाक्यं कशी जोडतो, ते यादीतून कळत नाही.

ते कळतं एस.टी.च्या थांब्यावर. एकदा शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं दिवसाचा हिशेब सांगितला: ‘सकाळी कांदा घेऊन श्रीरामपूरला गेलो, पट्टी करून, पैसे घेऊन, खताची गोणी टाकून, पोरीला दप्तर घेऊन आत्ता येतोय.’ सहा कामं झाली आणि ‘आणि’ एकदाही आला नाही. सगळी जोडणी ‘ऊन’नं केली. हेच मी दुसऱ्या दिवशी नववीला इंग्रजीत करायला दिलं. अर्ध्या वर्गानं प्रत्येक कामाआड एक ‘अँड’ घातला. उरलेल्यांनी ‘हॅविंग टेकन’, ‘हॅविंग सोल्ड’ अशी माळ ओवली. व्याकरणात चूक नव्हती, पण असं बोलणारा इंग्रज शोधून सापडायचा नाही. इंग्रजी माणूस क्रियापदं एकापुढे एक मांडतो, शेवटच्या आधी एक ‘अँड’ टाकतो आणि मोकळा होतो. मराठीत सांधा क्रियापदाच्या पोटातच असतो: जाऊन, जाताना, गेल्यावर. इंग्रजीत तो बऱ्याचदा बाहेर, सुटा शब्द होऊन उभा राहतो.

बोलताना तो शब्दही नीट उभा नसतो म्हणा. पुस्तकातला ‘अँड’ इंग्रजांच्या तोंडी नुसता ‘न्’ होतो. ‘ब्रेड अँड बटर’ म्हणायला त्यांना सवड नसते. आमच्याकडे ‘आणि’चं ‘आन्’ आणि ‘मग’चं ‘मंग’ होतं, तसंच ते. ‘दॅट’ तर ते सरळ गिळतात. ‘आय थिंक ही इज ॲट होम’ म्हणताना मधला ‘दॅट’ कुणाला आठवत नाही. आपण तरी ‘मला वाटतं तो घरी आहे’ यात ‘की’ कुठे घालतो? वर्गात मात्र मी वर्षानुवर्षं तो ‘दॅट’ सक्तीनं लिहून घेतला.

‘की’ आणि ‘दॅट’ यांची खरी फारकत पुढे होते. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ यातला ‘मी’ म्हणणाऱ्याचाच आहे. मराठीत बोललेलं जसंच्या तसं आत येतं. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘आय’चा ‘ही’ होतो, काळ एक पायरी मागे जातो, ‘टुमॉरो’चासुद्धा ‘द नेक्स्ट डे’ होतो. मुलं लिहितात, ‘ही सेड दॅट आय विल कम’, आणि येणार कोण, यावरून घोटाळा होतो. ‘येतो म्हणून म्हणाला’ ही आपली दुसरी तऱ्हा. हे ‘म्हणून’ म्हणजे मुळात ‘म्हणणे’चंच रूप, ‘असं बोलून’. संस्कृतातला ‘इति’ हेच काम करतो, कन्नड-तेलुगूतही बोलणे या क्रियेतून आलेले असे शब्द आहेत. ‘पाऊस आला म्हणून आलो नाही’ यात कारणही तोच शब्द सांगतो. आधी कारण, मग परिणाम. इंग्रजी ‘बिकॉज’ बहुतेकदा उलटा चालतो: आधी आलो नाही, मग पाऊस. हल्ली वर्तमानपत्री मराठीत दर दुसऱ्या वाक्यात ‘कारण’ आणि ‘जेणेकरून’ दिसतात, ते मला इंग्रजीच्या चालीनं चालणारे वाटतात.

आता पुन्हा ‘बट’कडे. मराठीत जर आला की तर हवा, जेव्हाला तेव्हा, जसाला तसा, जोला तो. ‘जर’ एखादे वेळी गाळला तरी चालतं, ‘पाऊस आला तर’ म्हणतोच आपण, पण ‘तर’ गाळून चालत नाही. उसाच्या ट्रॉलीला पुढच्या गाडीचा हूक आणि मागचा दांडा दोन्ही लागतात, तसं हे. इंग्रजीला एक कडी पुरते. ‘ऑलदो’ म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप बांधलं जातं. ‘बट’ घातला तर दोनदा बांधल्यासारखं होतं. मुलगा ‘बट’ लिहितो तेव्हा त्याच्या डोक्यात ‘तरी’ असतो. आणि तो इतका अडाणीही नाही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘दो’च्या जोडीला ‘येट’ राजरोस येतो, आजही तो चुकीचा धरत नाहीत. पोराची चूक एका शब्दाची, मार्क जातो पुरता.

ही जरी–तरीची जोडी आमच्या नदीकाठाला नवी नाही. प्रवरा बेलापूरवरून पुढे नेवाशाला जाते. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यातली दृष्टांतांची सगळी इमारत ‘जैसें’ आणि ‘तैसें’ या दोन खांबांवर उभी आहे. पारायणाला बसणाऱ्या आजीला उभयान्वयी शब्द ठाऊक नसेल. ‘जैसें’ कानी पडलं की ‘तैसें’ची वाट बघणं तिला बरोबर ठाऊक असतं.

म्हणजे मराठीनं बाहेरचं काही घेतलं नाही असं नाही. ‘व’ अरबी-फारसीतून आला. तो लिहिण्यात राहिला. ‘चहा व नाश्ता’ पाटीवर असतं, पण चहा व नाश्ता मागणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. ‘शिवाय’ आणि ‘सबब’ त्याच वाटेनं आले. गंमत ‘अगर’ची. फारसीत आणि हिंदीत त्याचा अर्थ ‘जर’. आमच्या खरेदीखतात ‘विक्री अगर गहाण’ म्हणजे विक्री किंवा गहाण. हिंदी सिनेमे पाहून मोठी झालेली पिढी तो कागद वाचते तेव्हा अडखळते.

आता पाळी इंग्रजीची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यानंतरची मुलं कॉलेजच्या कट्ट्यावर बोलतात: ‘मी गेलो होतो, बट सर नव्हते, सो परत आलो.’ ‘सर’ सोडले तर बाकी सगळं मराठी. फक्त सांधे इंग्रजी. यारॉन मात्रास या भाषाशास्त्रज्ञानं १९९८ साली बऱ्याच भाषा तपासून असं मांडलं की परक्या भाषेतून आधी ‘पण’च्या अर्थाचा शब्द येतो, मग ‘किंवा’चा, शेवटी ‘आणि’चा. कट्ट्यावर कान दिला तर ‘बट’ सर्रास ऐकू येतो, ‘ऑर’ क्वचित, ‘अँड’ त्याहून कमी. नाराज होण्यासारखं यात मला काही दिसत नाही. ‘बट’ म्हणणारी ही मुलं ‘ऊन’ सोडत नाहीत; ‘जाऊन’, ‘भेटून’, ‘चेक करून’ सगळं शाबूत आहे.

माझी तक्रार आहे ती आम्हा शिक्षकांबद्दल. इंग्रजीची जोडणी शिकवताना आम्ही मराठीची जोडणी कधी समोर ठेवली नाही. अव्ययांचे तक्ते भिंतीवर लावले आणि गाळलेल्या जागा भरून घेतल्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी एकदाच फळ्याच्या डावीकडे ‘जरी … तरी’ आणि उजवीकडे ‘ऑलदो …’ लिहून पुढची जागा मोकळी ठेवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, त्यांचा तरी कुठंय?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही मुलांना विचारला नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली की सहामाहीचे गठ्ठे उघडतील. माझ्या जागी आता जे कुणी तपासत असतील त्यांना एवढंच सांगणं: ‘बट’ जरूर खोडा, पण खोडल्यावर समासात मराठीत ‘तरी’ असंही लिहा.