क्रूझर कोणाची, कोणत्या रस्त्याची?

शोरूममध्ये उभ्या असलेल्या क्रूझरवर बसताच दोन्ही तळवे जमिनीला सहज टेकतात, रुंद हँडलबार हातांशी येतो आणि टाकीवरचे क्रोम डोळ्यांत भरते. एवढ्या भांडवलावर अनेकांचा निर्णय होऊन जातो. ती गाडी आपल्या शरीराला आणि रोजच्या रस्त्याला मानवणारी आहे का, हा प्रश्न पुढे दोन-तीन महिन्यांनी कंबर विचारू लागते.

या घाटाच्या मोटारसायकली अमेरिकेत रूढ झाल्या त्या तिथल्या रस्त्यांमुळे. शेकडो किलोमीटर सरळ जाणाऱ्या महामार्गावर वेगाने वळण घेण्याची चपळाई फारशी लागत नाही. लागतो तो स्थैर्याचा विसावा. म्हणून दोन चाकांमधील अंतर जास्त, आसन खाली, पाय पुढे पसरलेले आणि इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देणारे, अशी रचना रुळली. हार्ले-डेव्हिडसनच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विन इंजिनात दोन सिलिंडरांमधील स्फोट समान अंतराने होत नाहीत. तिचा तो प्रसिद्ध अडखळता नाद त्यातूनच येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील अनेक तरुणांनी जुन्या गाड्यांचे मडगार्ड छाटून आणि अनावश्यक भाग काढून त्या हलक्या केल्या. हा ‘बॉबर’. पुढे पुढचा फोर्क लांबवत आणि तिरपा करत ‘चॉपर’ घडला. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने त्याला जगभर पोहोचवले. मात्र चॉपर पाहण्यात जितका देखणा, तितकाच हळू वेगात हाताळायला अवघड. लांब, तिरप्या फोर्कमुळे गर्दीत हँडल एका बाजूला कोसळू पाहते. शिवाय भारतात मूळ रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. गॅरेजवाल्याच्या ‘सगळेच करतात’ या आश्वासनावर विसंबणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आता मुख्य मुद्दा बसण्याचा. साध्या मोटारसायकलवर पाय नितंबांच्या जवळपास खाली असतात. खड्डा दिसला की स्वार किंचित उठतो आणि धक्का गुडघे झेलतात. क्रूझरवर पाय पुढे असल्याने असे उठता येत नाही. सारा धक्का थेट माकडहाडावर आणि तिथून कंबरेत जातो. आसन खाली ठेवायचे, तर मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या हालचालीलाही बहुधा मर्यादा येते. म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर जी बैठक आरामखुर्चीसारखी वाटते, तीच पावसाळ्यानंतरच्या शहरी रस्त्यावर शिक्षा ठरू शकते. ज्यांना आधीच कंबरदुखी आहे, त्यांनी पाय फार पुढे असलेली गाडी टाळावी आणि पाय मध्यावर येणारी पसंत करावी.

उंचीबाबत एक गैरसमज दृढ आहे. बुटक्या व्यक्तीला, विशेषतः अनेक महिला स्वारांना, कमी उंचीचे आसन खरोखरच सोयीचे असते. पण आसन खाली म्हणजे गाडी हलकी, असे नव्हे. रॉयल एन्फिल्डच्या मिटिऑर ३५० चे आसन ७६५ मिलिमीटरवर आहे आणि वजन १९१ किलो. २०२३ च्या सुपर मिटिऑर ६५० चे आसन आणखी खाली, ७४० मिलिमीटरवर. वजन मात्र २४१ किलो. सोसायटीच्या उतारावर ही गाडी मागे ढकलत बाहेर काढायची असेल, तर आकडा आसनाचा नव्हे, वजनाचा पाहावा. तिच्या पोटाखाली मोकळी जागाही १३५ मिलिमीटरच आहे. मन मानेल तसे गतिरोधक उभारलेल्या गल्ल्यांतून जाणाऱ्याला हे महत्त्वाचे. उलट, पुढे पसरलेल्या पावदानापर्यंत पाय आणि मागे वळलेल्या हँडलपर्यंत हात पोहोचवताना लहान चणीच्या स्वाराचे अंग ताणले जाते. तिथे खालचे आसन कामी येत नाही.

भारतात या प्रकाराला सर्वसामान्यांच्या खिशापर्यंत आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात पुण्याच्या बजाज ऑटोकडे जाते. २००१ मध्ये कावासाकीच्या सहकार्याने आलेली १७५ सीसीची एलिमिनेटर महाग ठरली. २००५ मध्ये तिच्या बांध्यात पल्सरचे १८० सीसी इंजिन बसवून अ‍ॅव्हेंजर आली आणि तिने स्वतःचा वर्ग तयार केला. पाय पुढे ठेवून, घाई न करता जाणाऱ्या उंच स्वाराला ती शोभून दिसली. त्याच्या पलीकडे यामाहाची १९८५ ची व्ही-मॅक्स किंवा २,४५८ सीसीची ट्रायम्फ रॉकेट ३ यांसारख्या ‘पॉवर क्रूझर’ आहेत. त्या अनुभवी हातांसाठी आणि मोठ्या खिशांसाठी. पहिली गाडी म्हणून त्यांचा विचारही नको.

महाराष्ट्रातील स्वाराची एक अडचण वेगळीच. ज्या सरळ, रुंद रस्त्यासाठी क्रूझर जन्मली, तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहे; समृद्धी महामार्गही बंद. उरतो जुना महामार्ग आणि घाट. लांब चाकअंतराची गाडी घाटातील आवळ वळणावर फिरायला जास्त जागा मागते आणि खाली असलेले पावदान थोड्याशा झुकावातही रस्त्याला घासते. वेग वळणाआधीच उतरवणे, एवढाच त्यावर उपाय.

चाचणी-फेरी म्हणून शोरूमभोवती एक चक्कर पुरेशी नाही. निदान अर्धा तास चालवून पाहावी, दोन-चार गतिरोधक घ्यावेत, चढावर थांबून पुन्हा निघावे आणि इंजिन बंद करून गाडी मागे ढकलून बघावी. मागे नेहमी बसणारी व्यक्ती त्या वेळी बरोबर असावी; बॉबरवर तिला बहुधा जागाच नसते आणि इतर अनेक क्रूझरवरही मागचे आसन अरुंद, बरोबर चाकाच्या वर असते. पाठटेकण पुढे बसवता येते, पण आसनाची रुंदी मात्र आहे तेवढीच राहते.